कीटकाचा जीनोम वाचून त्याची उत्क्रांती कितपत कळते?

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या, घरची कपाशीची शेती असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे एखाद्या जिवाच्या डीएनएतली सगळी अक्षरं ओळीने वाचणं, आता आवाक्यात आलंय, तर एखाद्या कीटकाचा अख्खा जीनोम वाचला की त्याची उत्क्रांती कळते का? फुलपाखरं पाहणाऱ्या, अळ्या पाळणाऱ्या जुन्या अभ्यासकांचं काम आता मागे पडलं का? आणि स्वतः काही करायचं तर सुरुवात कुठून करावी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, कळत नाही. एका किड्याचा एक जीनोम हाती आला की तो कोणत्या कुळातला, त्याच्यात साधारण किती जनुकं आहेत, एवढं समजतं. उत्क्रांती घडते ती एकाच जातीतल्या अनेक जिवांमधल्या फरकांतून. कोणता फरक असलेला जीव तगला, कोणाची पिल्लावळ वाढली, कोणाची खुंटली, यावर ती ठरते. त्यामुळे जीनोम एक पुरत नाही, पुष्कळ लागतात. शिवाय प्रत्येक जीव कुठे, कशावर, कोणत्या हंगामात सापडला याची नोंद लागते, आणि ती कोणतंही यंत्र करून देत नाही. सिक्वेन्सिंगसाठी आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत सगळ्यात जास्त गहाळ काय असतं, तर ही नोंद.

नात्यागोत्याचा भाग लवकर उरकतो, कारण तिथे एका जातीमागे एक जीनोमही बरंच काम करतो. २०१४ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने १,४७८ जनुकं घेऊन कीटकांची वंशावळ मांडली. कीटक सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी अवतरले आणि साधारण ४० कोटी वर्षांपूर्वी त्यांना पंख फुटले, असा त्यातून अंदाज निघाला. वाळवी ही झुरळांचीच एक शाखा आहे, हेही डीएनएनेच पक्कं केलं. जीनोमच्या आकाराचं मात्र मनावर घेऊ नका. अंटार्क्टिकातल्या एका पंखहीन माशीचा जीनोम सुमारे १० कोटी अक्षरांचा आहे, वाळवंटी टोळाचा ८७० कोटींच्या आसपास, आणि तुमचा-माझा ३१० कोटींचा. टोळ काही आपल्यापेक्षा शहाणा नाही. त्याच्या जीनोममध्ये स्वतःच्या प्रती काढत उड्या मारणारे डीएनएचे तुकडे बेसुमार साठलेत, इतकंच.

आता मुख्य मुद्दा. तो समजायला कॉमन मॉर्मन या फुलपाखराइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते तुमच्या परसातच आहे. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार दिसणारी अळी असते, ती याची किंवा याच्या भावकीतल्या लाइम बटरफ्लायची. कॉमन मॉर्मनचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढुरक्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र तीन रूपांत येते. एक हुबेहूब नरासारखी. दुसरी कॉमन रोझ या फुलपाखराची नक्कल करणारी, आणि तिसरी क्रिमझन रोझची. ही दोन्ही रोझ फुलपाखरं अळीपणी सापसंदाच्या वेलीवर वाढतात, त्या वेलीतलं विष अंगात साठवतात, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मॉर्मनची मादी स्वतः विषारी नसते. ती फक्त सोंग घेते.

ही वेगवेगळी दिसणारी फुलपाखरं एकाच जातीच्या माद्या आहेत, हे एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी आग्नेय आशियातल्या फुलपाखरांवर लिहिताना मांडलं होतं. १९१३च्या सुमारास फ्रायर नावाच्या अभ्यासकाने श्रीलंकेत हीच फुलपाखरं पाळून, जोड्या लावून, पिढ्या मोजल्या. पुढे क्लार्क आणि शेपर्ड यांनी १९७२मध्ये तो हिशेब आणखी पक्का केला. त्यांच्या हाती डीएनएचं एक अक्षरही नव्हतं. तरी त्यांना कळलं की सोंगाचा सगळा कारभार गुणसूत्रावरच्या एकाच जागेवरून चालतो, नकली रूप साध्या रूपावर प्रभावी आहे, आणि नर हे जनुक बाळगतात, मुलींना देतात, पण स्वतःच्या पंखांवर कधी दाखवत नाहीत.

इथे एक कोडं होतं. सोंग वठवायचं तर पांढरा डाग कुठे, लाल ठिपके किती, नक्षीची मांडणी कशी, हे सगळं एकत्र बदलावं लागतं. अर्धी नक्कल काहीच कामाची नाही. मग एवढ्या गोष्टी एकाच जागेवरून कशा चालतात? त्या काळचा तर्क असा होता की तिथे अनेक जनुकं शेजारीशेजारी चिकटलेली असावीत आणि पिढ्यानपिढ्या एकत्रच जात असावीत. त्यांनी त्या गठ्ठ्याला ‘सुपरजीन’ म्हटलं.

२०१४मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. कुंटे बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधले. या गटाने आधी जोड्या लावल्या, संततीचे जीनोम ताडून पाहिले आणि जागा आक्रसत आक्रसत पाच जनुकांपर्यंत आणली. त्यानंतर नकली आणि साध्या रूपांतल्या अनेक फुलपाखरांचे जीनोम शेजारी ठेवले, तेव्हा फरक गोळा झालेला दिसला एकाच जनुकात. त्याचं नाव डबलसेक्स. हे जनुक काही नवीन नव्हतं. फळमाशीत नराचं अंग नरासारखं आणि मादीचं मादीसारखं घडवणारं म्हणून ते कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत आहे. म्हणजे गठ्ठा नव्हताच, एकच जनुक होतं. मादी घडवण्याचं जे काम ते आधीपासून करत होतं, त्यातच मादीच्या पंखाचं सोंग बसवलं गेलं. नर हे सोंग का दाखवत नाहीत, याचा धागाही तिथेच हाती लागतो.

पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी या फुलपाखराचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की नकली रूपात या जनुकाभोवतीचा सुमारे १,३०,००० अक्षरांचा पट्टा उलटा फिरलेला आहे. उलट्या बसवलेल्या चेनचे दात समोरच्या बाजूशी जुळत नाहीत, तसंच इथे होतं. अंडं किंवा शुक्रपेशी बनताना गुणसूत्रांची जी देवाणघेवाण होते, ती या पट्ट्यापुरती अडते, आणि सोंगाचे भाग सुटे होऊन विखुरत नाहीत. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार पुरावा तोच. कोषात वाढणाऱ्या मादीच्या पंखात त्यांनी डबलसेक्सची नकली आवृत्ती गप्प केली. तिथली नकली नक्षी गेली आणि नरासारखा साधा पंख उगवला.

हे सगळं एवढ्या तपशिलात सांगतोय ते एका कारणासाठी. समजा, फ्रायर, क्लार्क, शेपर्ड हे लोक झालेच नसते आणि तुम्ही एका मॉर्मनचा जीनोम वाचला असता. डबलसेक्स तुम्हाला दिसलं असतं, आणि ‘सगळ्याच कीटकांत असतं’ म्हणून तुम्ही पुढे गेला असता. ते जनुक इथे काय करतंय, हे कळलं ते अळ्या पाळणाऱ्यांमुळे. दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. जुनं काम मागे पडलेलं नाही. त्याच्याशिवाय नवं काम आंधळं आहे.

आणखी एक वळण सांगायला हवं. मॉर्मनच्या नात्यातल्या ग्रेट मॉर्मन या फुलपाखराच्या माद्याही सोंगं घेतात, तिथेही जागा डबलसेक्सचीच, पण पट्टा उलटलेला नाही. (आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन याच ग्रेट मॉर्मनचं जवळचं नातलग.) म्हणजे उलटा पट्टा ही सोंगाची अट नव्हे. एका जातीत सापडलेलं कारण दुसऱ्या जातीवर चिकटवण्याची सवय या क्षेत्रात फार बोकाळली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

जनुकाचं नाव सापडलं म्हणजे काम झालं, असं वाटत असेल तर इंग्लंडमधल्या पेपर्ड मॉथ या पतंगाची गोष्ट पाहा. शाळेच्या पुस्तकातली अर्धी गोष्ट सगळ्यांना माहीत असते: गिरण्यांच्या काजळीने झाडं काळवंडली, फिकट पतंग पक्ष्यांना चटकन दिसू लागले, काळे वाढले. काळा पतंग मँचेस्टरमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला १८४८मध्ये. पक्ष्यांबद्दलचे जुने प्रयोग पद्धतशीर नव्हते अशी टीका झाली, तेव्हा मायकेल मजेरस यांनी २००१ ते २००७ या काळात केंब्रिजजवळ ४,८६४ पतंग सोडून ते काम नव्याने केलं. एव्हाना हवा स्वच्छ झाली होती, आणि काळे पतंग फिकटांपेक्षा रोज सुमारे ९ टक्के कमी तगतात असं दिसलं. निकाल छापून यायच्या आधीच मजेरस गेले. सहकाऱ्यांनी तो २०१२मध्ये प्रसिद्ध केला.

२०१६मध्ये लिव्हरपूलच्या गटाने डीएनएतलं कारण शोधलं. उड्या मारणारा एक तुकडा, जवळपास २२,००० अक्षरांचा, कॉर्टेक्स नावाच्या जनुकाच्या आत येऊन पडला होता. ही उडी कधी पडली तेही त्यांनी काढलं. नवा बदल झपाट्याने पसरतो तेव्हा आजूबाजूचा डीएनएही त्याच्यासोबत ओढला जातो, आणि पुढे प्रत्येक पिढीत देवाणघेवाणीने तो पट्टा कडेने कुरतडला जातो. उरलेल्या पट्ट्याच्या लांबीवरून किती पिढ्या गेल्या याचा हिशेब लागतो, आणि या पतंगाची वर्षाला एकच पिढी होते. उत्तर आलं साधारण १८१९. पहिल्या नोंदीच्या २९ वर्षं आधी. ऐन औद्योगिक क्रांतीत. हिशेबातली चूक-भूल धरूनही हा निकाल सुंदर आहे.

मग सगळीकडे लिहिलं गेलं की कॉर्टेक्स हे काळ्या रंगाचं जनुक. दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियस फुलपाखरांतही रंगाचा फरक त्याच जागेवर सापडला होता, त्यामुळे शंका घ्यायला कोणी राजी नव्हतं. पण २०२४मध्ये लागोपाठ आलेल्या कामांनी दाखवलं की खरा कारभारी कॉर्टेक्स नाहीच. त्याच पट्ट्यातून एक लांब आरएनए (डीएनएवरून काढलेली नक्कल) तयार होतो, त्यापासून प्रथिन बनतच नाही, आणि त्यातून कातरून निघणारा एक इवलासा मायक्रो-आरएनए, एमआयआर-१९३, पंखावरचा काळा रंग ठरवतो. फुलपाखरांत तो काढून टाकला की काळेपणा जातो. जागा पहिल्यापासून बरोबर होती, नाव चुकलं होतं. फरक कुठे आहे हे जीनोमची तुलना सांगते. तो तिथे काय करतो, हे तोडून-जोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिकाऊ शोधनिबंधांत या दोन वाक्यांची सर्रास सरमिसळ होते, आणि परीक्षक म्हणून मी सगळ्यात जास्त लाल शाई तिथेच सांडतो.

आता तुमच्या शेताकडे येऊ. उत्क्रांती म्हटलं की लोकांना डायनासोर आठवतात. माझ्या मते महाराष्ट्रात गेल्या पंचवीस वर्षांत डोळ्यांदेखत घडलेली सगळ्यात महागडी उत्क्रांती गुलाबी बोंडअळीची आहे.

बीटी कपाशी, म्हणजे अळी मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी, २००२मध्ये आली. तिच्यात क्राय-१-एसी हे एकच विष होतं. २००६मध्ये क्राय-२-एबी जोडलेलं दुहेरी वाण आलं. गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला जुमानत नाही हे गुजरातेतल्या २००८-०९च्या सुमाराच्या नमुन्यांत स्पष्ट झालं. पुढे दुसऱ्या विषाचीही तीच गत झाली, आणि २०१७च्या हंगामात आपल्याकडे काय झालं ते तुम्ही घरीच पाहिलं असेल. डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुलं), किडकी बोंडं, पिवळट कापूस.

डीएनएच्या पातळीवर काय झालं ते पाहा. क्राय-१-एसी अळीच्या आतड्याच्या अस्तरातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तिथून अस्तर फुटतं. कॅडहेरिनच मोडकं असेल तर विषाला धरायला जागा नाही. पण हा गुण अप्रभावी आहे. आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती मोडक्या असतील तरच अळी वाचते. नॉन-बीटीच्या रेफ्युजी ओळी लावायला सांगत होते, त्यामागचं गणित हेच. समजा मोडकी प्रत शंभरात एक आहे. मग दोन्ही मोडक्या असलेली अळी दहा हजारांत एक. बीटीवर वाचलेल्या त्या एकीचा पतंग जर रेफ्युजीतून आलेल्या साध्या पतंगाशी जुळला, तर त्यांची सगळी पिल्लं एक प्रत मोडकी, एक धड अशी निघतात, आणि बीटीवर मरतात. रेफ्युजी नसेल तर वाचलेले वाचलेल्यांशीच जुळतात, आणि मग काही हंगामांतच चित्र पालटतं.

आपल्याकडे बियाण्याच्या पिशवीसोबत रेफ्युजीची १२० ग्रॅमची पुडी मिळायची. ती किती जणांनी पेरली, हे गावात कोणालाही विचारा. पण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला मान्य नाही. आपल्याकडे बीटी आली ती संकरित वाणांत, लांब मुदतीच्या, आणि त्यावर फरदड घेण्याची, म्हणजे हंगाम संपला तरी पीक उभं ठेवण्याची सवय. म्हणजे अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत जेवण. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते, त्यामुळे तिच्यात विषाचं जनुक सगळ्या दाण्यांत सारखं नसतं. बोंडाच्या आत बसून सरकी खाणाऱ्या अळीला विष असलेले आणि नसलेले दाणे शेजारीशेजारी मिळतात. एक मोडकी प्रत असलेल्या अळीलाही अशा बोंडात निभाव लागण्याची संधी मिळते. अमेरिकेत हीच अळी, हीच विषं. पण तिथे रेफ्युजी पाळली गेली, पुढे वांझ पतंगही मोठ्या प्रमाणावर सोडले, आणि २०१८मध्ये तिथल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं सरकारने जाहीर केलं.

याच ठिकाणी सिक्वेन्सिंगने खरोखर नवीन काही सांगितलं. अमेरिकेत प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रतिकारक्षम अळ्यांत कॅडहेरिन मोडण्याचे काही ठरावीक प्रकार सापडले होते, आणि तेवढे हुडकणारी डीएनए चाचणी करून २००१ ते २००५ या काळात शेतातले हजारो नमुने तपासले गेले. एकातही ते सापडले नाहीत. मग भारतातल्या, शेतात तयार झालेल्या प्रतिकारक्षम अळ्यांचं कॅडहेरिन २०१४मध्ये तपासलं, तर त्यात मोडतोडीचे आठ नवे प्रकार निघाले. जनुक तेच, मोडण्याच्या तऱ्हा आठ. बऱ्याच प्रकारांत जनुकाची नक्कल काढताना आरएनए भलत्याच जागी कापला-जोडला जात होता. एक प्रतिकारक्षम पतंग कुठून तरी उडत आला आणि त्याचीच पैदास देशभर पसरली, असं हे चित्र नाही. प्रतिकार अनेकदा, स्वतंत्रपणे उपजला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की एखादा ठरावीक बदल शोधणारी स्वस्त चाचणी ‘सगळं ठीक’ सांगेल आणि शेतात बोंडं सडत असतील. क्राय-२-एबीच्या बाबतीतही पुढे एबीसीए-२ या वेगळ्या जनुकात असाच आरएनए कापण्या-जोडण्याचा घोटाळा सापडला, प्रयोगशाळेतल्या अळ्यांत आणि भारतातल्या शेतातल्या अळ्यांतही.

प्रत्येक बदल निवडीमुळेच पसरतो, असं मात्र समजू नका. ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळलेले, काळपट वाघ दिसतात. जंगल दाट आहे म्हणून काळा रंग फायद्याचा असेल, अशी गोष्ट रचायला मजा येते. जनुकशास्त्रज्ञ उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१मध्ये दाखवलं की टॅकपेप नावाच्या जनुकातला एकच बदल याला कारणीभूत आहे. किंग चित्त्याची नक्षीही याच जनुकातल्या बदलाने येते. सिमिलिपालमधल्या साधारण ३७ टक्के वाघांत हे रूप दिसतं, इतर जंगलांतल्या वाघांत मात्र तो बदल मिळाला नाही. कारण सिमिलिपालचे वाघ थोडे, बाकीच्यांपासून तुटलेले, आपसातच जुळणारे. थोड्या जिवांत एखादं दुर्मीळ जनुक निव्वळ योगायोगाने वाढू शकतं. त्याला फायदा असावाच लागतो असं नाही. तुमच्या अळ्यांचे आकडे पाहतानाही आधी हा योगायोग वजा करा, मगच निवडीचं नाव घ्या. वाघांच्या या कामासाठी वाघ पकडावे लागत नाहीत हेही सांगून ठेवतो. केस, विष्ठा, भक्ष्यावर राहिलेली लाळ यांतून डीएनए मिळतो.

एक धोका असा आहे की त्यात मोठमोठे गट फसलेत. २०१५मध्ये एका नामांकित नियतकालिकात आलं की टार्डिग्रेड या सूक्ष्म जिवाच्या जनुकांपैकी जवळपास एक षष्ठांश जनुकं जिवाणूंकडून वगैरे आलेली आहेत. थोड्याच महिन्यांत दुसऱ्या गटाने त्याच जिवाचा स्वतंत्र जीनोम काढून दाखवलं की बहुतेक ‘परकी’ जनुकं नमुन्यासोबत आलेल्या जिवाणूंची होती. कीटकांत हा घोळ कायमचाच. आतड्यातलं अन्न, अंगावरच्या सूक्ष्म माइट्सचा डीएनए, पेशींच्या आत राहणारा वोल्बाकिया जिवाणू, सगळं यंत्रात एकत्रच जातं. उलट गाळणी फार बारीक लावली तरी फसगत होते. अननासी नावाच्या फळमाशीच्या गुणसूत्रात वोल्बाकियाचा जवळजवळ अख्खा जीनोम खरोखरच शिरलेला आहे, हे २००७मध्ये सिद्ध झालं. तिथे ‘घाण’ म्हणून तो भाग काढून टाकला असता तर शोधच हुकला असता. संशयास्पद तुकड्याच्या दोन्ही बाजूंना किड्याचा डीएनए सलग लागतो का, हे लांब वाचन करणाऱ्या यंत्राने तपासणं हा यावरचा खात्रीचा उपाय.

सुरुवात कुठून करावी? नवा जीनोम काढायच्या फंदात पडू नका. गुलाबी बोंडअळीचा गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जुळवलेला जीनोम आधीच उपलब्ध आहे, त्याला टेकून काम करा. (पुढेमागे एखाद्या नव्या जातीचा काढायचा झालाच, तर मधमाशी, गांधीलमाशी, मुंग्या यांचा नर घ्या. त्याच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो, जुळवणी निम्म्याने सोपी होते. फुलपाखरं-पतंगांत मादीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असतात, त्यामुळे नर वाचला की डब्ल्यू गुणसूत्र निसटतं हे ध्यानात ठेवा.)

घरच्या शेतातून आणि आसपासच्या गावांतून हिरवी बोंडं गोळा करा. बीटी आणि, कुठे मिळालीच तर, नॉन-बीटी अशी दोन्हींची. बोंडागणिक अळ्या वेगळ्या ठेवा. एकाच बोंडातल्या अळ्या सख्खी भावंडं असू शकतात, आणि भावंडांना स्वतंत्र नमुने धरलं की सगळे आकडे फुगतात. पकडलेल्या अळ्यांतून वाढवलेल्या पिढीला विष मिसळलेलं खाद्य द्या, आणि ठरावीक मात्रेवर मेलेल्या आणि वाचलेल्या अळ्या अलग जपा. तुलना या दोन गटांत करायची. नुसत्या शेतातल्या अळ्यांचे जीनोम वाचले तर गावागावांतला फरक दिसेल, प्रतिकाराचा नाही.

जपण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शुद्ध अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो, आरएनए नाही, आणि या अळीतली निम्मी गंमत आरएनएच्या कापण्या-जोडण्यात आहे. म्हणून प्रत्येक अळीचं आतडं काढून आरएनए जपणाऱ्या द्रावणात ठेवा, उरलेलं शरीर अल्कोहोलमध्ये. दोन्ही कुप्यांना एकच क्रमांक, आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत, कारण बाहेरची शाई अल्कोहोल पुसून टाकतं. वहीत गाव, वाण, पेरणीची तारीख, बोंडाचं वय, आदल्या वर्षी फरदड होती का, पऱ्हाट्या कधी काढल्या, फवारे कोणते मारले, कामगंध सापळ्यांत आठवड्याला किती पतंग आले, हे सगळं हवं. तुमच्या घरच्यांना यातलं बरंचसं तोंडपाठ असेल, प्रयोगशाळेतल्या कोणालाही नसेल.

पहिल्या हंगामात संपूर्ण जीनोम वाचूच नका. कॅडहेरिन आणि एबीसीए-२ या दोन जनुकांचे आरएनए मेलेल्या आणि वाचलेल्या अळ्यांत शेजारीशेजारी पाहा. एवढं एम.एस्सी.च्या प्रकल्पात बसतं. वाचलेल्या अळ्यांत दोन्ही जनुकं धड निघाली तर मात्र कारण तिसरीकडे आहे, आणि तेव्हा संपूर्ण जीनोमवर खर्च करणं सार्थकी लागेल. विषाच्या चाचणीची मात्रा आणि पद्धत मनाने ठरवू नका. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था बोंडअळीच्या प्रतिकारावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहे. त्यांची पद्धत विचारून घ्या आणि तीच वापरा, म्हणजे तुमच्या गावचे आकडे त्यांच्या जुन्या आकड्यांशेजारी ठेवता येतील.